शेगलाचा पाला

निळ्या टोपणाच्या नळीत रक्त थिजत नाही.
तिथं सायट्रेट आधीच बसलेलं असतं
कॅल्शियमला कडेवर घेऊन.

नळी हेमाजी कोयंड्यांची, सर्जेकोटच्या.
महिन्यातली तिसरी.
ते बाहेर बाकावर बसलेत,
छातीतली धातूची झडप
दारापर्यंत ऐकू येते, टिक, टिक.
मी आत प्लाझ्मात कॅल्शियम परत सोडते
आणि घड्याळ लावते.
कधीतरी पहिला तंतू धरतो. मग थांबवते.

मागल्या खेपेला पंचावन्न सेकंद.
नाकातून रक्त चाललं होतं, उशीचा अभ्रा घेऊनच आले होते.
आज सतरा.
झडपेवर गाठ बसायला एवढं पुरतं.

"काकी, काय खायला घातलंत?"
"काय नाय गो ॲग्नेस. अष्टमी होती.
शेगलाची भाजी नि आंबोळे.
डॉक्टरान पालो बंद सांगललो,
सा म्हयने हात लावूक नाय.
म्हटलंय, सणाक तरी खांवदेत.
उरली ती तीन दिस खाल्ली."

रतनकाकींनी डबा पुढे सरकवला.
तुका श्रावण नाय, म्हणान हाडलंय.
आत चार कुर्ल्या, एकीचा डेंगा तुटलेला.

मी तीच उचलली.
बघा, म्हटलं, जिवंत आहे, चालते,
पण धरणार कशी?
यकृतात प्रथिनं घडतात, दिवसरात्र,
दुसरं, सातवं, नववं, दहावं,
बोटींना असतात तसे नुसते आकडे.
घडतात ती अशी, एका डेंग्याची.
मग के जीवनसत्त्व येतं
आणि ठरल्या जागी दुसरा डेंगा बसवतं.
दोन डेंग्यांत कॅल्शियम धरता येतं,
तुमच्या शिंपल्यांतला चुना, तोच.
चुना धरला की जखमेच्या काठाला लागता येतं,
काठाला लागलं की जाळं सुरू.

"नि के नाय इला तर?"

तरी प्रथिन बाहेर पडतं, रक्तात फिरतं.
मोजायला गेलं तर आकडा भरतोही.
काठाजवळून जातं
आणि जातच राहतं.

के एका कामात दमतं. त्याला पुन्हा ताजं करणारं
एक विकर आहे, तिथंच, त्याच पेशीत.
काकांची गोळी त्या विकराचा हात धरून बसते.
आणि पाला?
पाल्यातून नवं के येतं, न दमलेलं,
गोळीला वळसा घालून.

काकी बराच वेळ कुर्लीकडे बघत राहिल्या.
"म्हणजे माझी भाजी नि त्येंची गोळी
दोघांय एकाच चुलीर रांधतत.
मगे कोणाक आवरू मियां?"

कोणालाच नको.
सहा महिने उपास आणि तीन दिवस अष्टमी, हे नको.
रोज थोडी, रोज तेवढीच.
त्या वाटीला बेतून डॉक्टर गोळी देतील.

तेव्हा हेमाजी पहिल्यांदा बोलले, दारातूनच,
बोटं हवेत अर्धी मिटून,
जणू सुई आणि दोरा हातात:
"जाळ्याचो आस गो.
बारीक ठेवलो तर चिखल येता,
मोठो ठेवलो तर नुसता पाणी."

चौदा वर्षं मी हा आकडा लिहिते.
इतकं नीट मला कुणी सांगितलं नव्हतं.

पुढल्या खेपेला काकी पिशवीतून वाटी काढतात.
स्टीलची, काठाला पोचा,
बुडाशी कोरलेलं: चि. सौ. रतन हिस, मामाकडून.
"ही म्हणजे एक?"
मी आत बोट घालून खोली बघते, उगाच.
ही म्हणजे एक.

घड्याळ एकतीसवर थांबतं.
कागदावर लिहिते, दोन पूर्णांक आठ.
बाहेर हेमाजी कोपर दुमडून बसलेत,
खळगीत कापूस.
काकी दर थोड्या वेळानं तो उचलून बघतात
आणि परत दाबतात.