बेटकुळी

प्लास्टर कापताना करवत किंचाळत होती,
पण मी घाबरले ते तिला नाही.
आतून निघाला कुणा भलत्याच बाईचा हात:
पांढराफटक, कोंडा सुटलेला, आंबूस वासाचा,
मनगट म्हणजे सोललेली काडी.
डॉक्टरबाई म्हणाल्या, तुमचाच आहे. घरी न्या.

सप्टेंबरात सफरचंदाच्या झाडावरून पडले,
शिडीची वरून तिसरी पायरी.
हे गावभर सांगत फिरावं लागलं,
कारण आमच्या बास्क खोऱ्यात
दगड उचलणारीचं हाड दगडानंच मोडायला हवं.
सफरचंदानं मोडलं तर लोक तोंड फिरवून हसतात.

गोठ्यात दगड होता तिथेच.
ग्रॅनाइटचा, पंचाहत्तर किलो,
दोन्ही अंगांना बोटं रुततील एवढ्या खाचा.
पाच महिन्यांत त्याचा एक ग्रॅमही झडला नव्हता.
त्याला टेकून कोंबडीनं अंडी घातली होती.
मी तळवा ठेवला.
गार.
ओळख दिली नाही त्यानं.

बाबा गाय पिळत होता.
माझ्या लहानपणी इथेच, याच स्टुलावरून म्हणायचा,
इझास्कुन, बेटकुळी काढ!
मी श्वास कोंडायचे, लालबुंद व्हायचे,
आणि दंडाच्या कातडीखाली टुणकन उडायचं
एक चिमुकलं बेडूक.
तो बोटानं दाबून बघायचा, पळतंय का.

परवा त्यानं विचारलं नाही.
मीच बाही वर सारली, मूठ आवळली, दातही आवळले.
कातडी जराशी हलली,
वाऱ्यानं डबक्यावरची साय हलावी तशी.
बाबा बादलीत बघत राहिला.
बित्तोरला खोटं बोलता येत नाही,
म्हणून तो बोललाच नाही.

मग कणीक.
रोज सकाळी कणकेचा गोळा, दाबायचा, सोडायचा,
वीस वेळा, आणि घाम फुटायचा मला,
जिनं पिलोटाला तीन मिनिटांत अठरा वेळा
दगड खांद्यावर घेतला होता.
मग सायडरची बाटली, अर्धी पाण्यानं भरलेली.
मग पूर्ण.
मिरच्यांची बरणी बहिणीच्या एनेकोनं उघडून दिली,
अकरा वर्षांचा,
न मागता.
ती मिरची मी खाल्ली नाही.

जानेवारीत मागचं तळं गोठलं.
बेडकं मेली का, एनेकोनं विचारलं.
चिखलात आहेत, बाबा म्हणाला,
बंद करून बसलीत.
डॉक्टरबाईंनी तेच दुसऱ्या शब्दांत सांगितलं होतं:
स्नायू वाढताना त्यात जी नवी बिऱ्हाडं येतात
ती स्नायू झडला तरी सहसा घर सोडत नाहीत,
दिवे मालवून आत थांबतात, असं दिसतं.
मी मान हलवली होती.
विश्वास नव्हता ठेवला.

पण पहिल्यांदा पन्नास किलोपर्यंत पोचायला
मला दोन वर्षं लागली होती,
आणि आता मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात
पन्नासाचा दगड मांडीवर आला, पोटावर आला,
छातीशी येऊन थबकला,
जणू त्यालाच आठवत नव्हतं पुढे कुठे जायचं,
आणि खांद्यानं त्याला आत घेतलं.
मी काहीच शिकवलं नव्हतं खांद्याला.
दगड गादीवर पडला. कोंबड्या उडाल्या.
मी खाली बसले आणि बराच वेळ उठले नाही,
थकवा होता, आणखीही काही होतं.

पंचाहत्तर अजून गुडघ्याच्या वर येत नाही.
उजव्या हातात पट्टी आहे, सहा स्क्रू,
पावसाळी हवेत ते आपसात कुजबुजतात.
उजवा दंड डाव्यापेक्षा दीड बोट बारीक आहे
आणि कदाचित राहील.

काल संध्याकाळी एनेको टेप घेऊन मोजत होता,
वहीत आकडे लिहीत होता, चुकीचे.
दूध गाळता गाळता बाबा म्हणाला,
काढ बघू.
काढली.
त्यानं ओलं बोट टेकवलं,
दाबलं.

पळाली.