सीटखालची पावती

सहाशे छप्पन्न सीसी.
माझ्या गवत कापायच्या यंत्राला याहून जास्त, असं ग्विलिम म्हणतो,
आणि दर रविवारी अबेरायरॉनच्या बंदरामागे
सगळ्यांआधी तोच येऊन उभा,
वेल्डिंगचा चष्मा कपाळावर.

आम्ही नऊजण, गाड्या अकरा.
जास्तीच्या दोन कुणाच्या,
ते नेरिसच्या नवऱ्याला सांगू नका.

माझी पिवळी. खांद्याला खांदा लावून दोघं, तिसऱ्याला जागा नाही.
हिवाळ्यात रस्त्यावर टाकतात त्या मिठानं
तिचे दोन्ही उंबरे खाल्ले; कापले, नवे घातले.
स्प्रिंग बदलून दोन बोटं खाली बसवली.
नवा सायलेन्सर चढावर खाकरतो,
मेंढ्या मान वर करतात, पुन्हा चरतात.

काल जुना गालिचा उपटला.
खाली पावती. जपानी अक्षरं,
वर्षाच्या जागी नुसतं चार.
ओशाननं मोबाइल धरला, वाचलं:
अंड्याची सँडविच दोन, चहा एक.

कुणी काही बोललं नाही.
पाना हातात तसाच.

नवा गालिचा अंथरताना ती होती तिथंच ठेवली.
गोंद लाव, सरकेल, ग्विलिम म्हणाला.

नाही लावला.