भावाची जागा

लेथ विकणे आहे, असं शेडच्या पत्र्याच्या दारावर
खडूनं लिहिलं, आणि भावाची जागा
आठ दिवस मोकळी ठेवली.

बटाल्याची, साडेसहा फुटी, पट्ट्यावर चालणारी.
मूर्तिजापुराहून छोट्या गाडीनं दारव्ह्याला,
तिथून बंडीवर आमच्या दारात.
पावती अजून आहे. तिच्यावरच्या आकड्यात आज
एक बरा व्हर्नियरही येत नाही.

पहिला आला इद्रीसभाई, काटा घेऊनच.
"बिडाचा भाव छत्तीस चालू हाये, ताई.
अकरा क्विंटल धरू. मोटर वेगळी."
माणूस वाईट नाही. बाबांच्या तेरवीला
खुर्च्या त्यानंच पाठवल्या होत्या.
दाराच्या आतल्या बाजूला मी गुणाकार केला :
एकोणचाळीस हजार सहाशे.
बाहेरच्या बाजूला तो लिहवला नाही.

दुसरा नागपूरचा, पांढरे बूट.
हॉटेलच्या दारात ठेवायची, म्हणे,
काळा रंग मारून, वर दिवे सोडून.
साठ म्हणाला. "चालू नसली तरी चालेल."
मी म्हटलं, चालू आहे.
तो म्हणाला, नसली तरी चालेल.
मी पुन्हा म्हटलं, चालू आहे.
त्याला वाटलं, मी भाव वाढवते आहे.

मग तेजराम मेश्राम, नेरचा, मोटरसायकलवर,
मनगटावर ठिणग्यांचे डाग, पिशवीत स्वतःचा डायल.
"उकंडा मिस्त्री गेले म्हणे. आता कोण चालवते?"
मी चिंधीला हात पुसले. "मीच. दहावीपासून."
त्यानं माझ्या नखांकडे पाहिलं,
"बरं" म्हणाला,
आणि डायल बेडवरून सरकवत नेला.
शेपटीकडे काटा गप्प.
चकपासून वीतभरावर हलला.
"इथं चार थाऊ झिजला."

माहीत होतं. बारकी कामं सगळी तिथंच होतात :
बंडीचे बुश, डवऱ्याच्या पिना, पंपाचे शाफ्ट,
शाळेच्या घंटेचा लोळ,
एका म्हाताऱ्याच्या काठीचं पितळी टोपण.
त्या वीतभर जागेसमोर
आधी बाबा उभे होते, मग मी.
आता लपवण्यासारखं काही नव्हतं,
म्हणून उरलेलंही सांगून टाकलं :
आडव्या स्लाइडला पाव फेरा ढिलाई आहे,
मागे घेऊन मगच पुढे घ्यायचं.
मधला गिअर थंडीत ओरडतो,
त्याचा एक दात पितळ भरून बाबांनी कानशीनं कोरलाय.

"झिजीचे चार हजार कमी करा."
थाऊला हजार. हा हिशेब नवा होता.
"बाहत्तर", मी म्हटलं होतं. "अडुसष्ट", तो.
मी रॉड धरला, मोटर सुरू केली,
आणि मग कोणीच बोललं नाही.
निळा कीस एका सलग वेटोळ्यात उतरत राहिला.
त्याचं टोक त्यानं चिमटीत धरलं,
भाजलं, तरी सोडलं नाही.
सत्तर.

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर, चेनपुली, चार पोरं.
पायाचे दोन नट गंजलेले, कापावे लागले.
फरशीत चार खुंट उरले, मधे तेलाचा आयत.
पोरांना म्हटलं, जपून, ठेच लागेल.
मलाच लागली.

संध्याकाळी फोन. "ताई, चकची चावी नाई दिसत."

बाबांनी मला एकदाच मारलं :
चावी चकमध्येच होती, मी बटन दाबलं,
ती उडून कवेलू फोडून गेली.
तेव्हापासून चक आवळलं की हात आपोआप
चावी काढून खिशात टाकतो.
साडीवर घालते तो बाबांचाच शर्ट,
खिसा एका बाजूला ओघळलेला.
त्यात होती.

सकाळच्या नेर गाडीच्या कंडक्टरकडे दिली,
रुमालात गुंडाळून.
त्यानं तळव्यावर तोलून पाहिली.
"काय हाये?"
चावी, मी म्हटलं.
"बाप्पा! मंग कुलूप केवढं असन!"