उघाडी

रविवारी सकाळी शेवटच्या थांब्यावर
आम्ही तिघंच उतरतो: पा, मी, काय शिन.
काय शिनला मगर हवी आहे.
पा काही मागत नाही,
चपला काढून हातात घेतो फक्त.
पा, मी म्हणते, इथं आता फळ्यांची वाट आहे,
चिखल नाही.
तो फटीतून खाली बघतो.
आहे की.

आहे. तिवरांच्या श्वासमुळांतून
निवट्या कोपरांवर सरकताहेत,
डोळे डोक्यावर, घाईत कुणी ठेवले
आणि तसेच राहून गेलेले.
एक दुसरीवर पाठीचा पर उभारते.
वीतभर राज्य, केवढा फणकारा!

खाडीपलीकडे दुसरा देश,
बाल्कन्या मोजता येतील इतका जवळ.
माझा फोन थरथरतो: मलेशियात आपलं स्वागत.
तांबड्या पायांचे टिलवे
थेट सैबेरियातून येऊन चिखलात चोची खुपसताहेत.
त्यांचा अंगठा कुणी घेतला नाही.

लपणात लांब भिंगांची माणसं कुजबुजतात.
पा मोठ्यानंच बोलतो:
हा सहा नंबर.
भरतीला उघाडी वर,
कोळंबी आपल्या पायांनी आत यायची.
ओहोटीला जाळं लावून पाणी सोडायचं.
पोसायचा समुद्र. आम्ही दार राखायचो.

मग एक पत्र आलं, एक ट्रक आला,
आणि अकराव्या मजल्यावरचं घर.
तिथं पा रात्री उठून बसायचा,
रोज आदल्या रात्रीपेक्षा पाऊण तास उशिरा.
आईला वाटायचं, साखर वाढली.
दोनदा रक्त तपासलं.

उघाडीपाशी रोहाइदा, गुडघाभर बूट,
एक हात चाकावर, एका हातात तक्ता.
पाखरांना चिखल उघडा करून द्यायचाय.
आठ बारा, ती म्हणते.
अजून नाही, पा म्हणतो.
अंकल, तक्त्यात आहे.
तक्त्याला वारा लागत नाही.
फेस बघ. अजून आतच येतोय.

ती बघते.
चाकावर आता तीन हात,
आणि चाक जागचं हलत नाही.

तेवढ्यात पुलावर कुणीतरी ओरडतं, मगर!
भिंगं धावतात, काय शिन धावतो,
रोहाइदा धावते, मागे व्हा, कठड्यावर वाकू नका,
मीही धावते, पोराच्या शर्टाला धरायला.
पाण्यात काहीच नाही.
वर्तुळं, आणि तीही दुसऱ्या कशाची असतील.

परत येतो तर
सहा नंबरचं पाणी निघालेलं,
गढूळ, निमूट, कडेकडेनं.
बगळे रांग मोडून पुढे सरकलेत.
रोहाइदा तक्त्याकडे बघते, पाकडे बघते,
वहीत एक वेळ लिहिते.
कुठली, ते मी वाकून बघत नाही.

बसमध्ये काय शिनचं चालूच,
दोन नाकपुड्या, आई! मी बघितल्या, दोन!
पा गंजानं तांबडे झालेले तळहात
मांडीवर उलगडून बसलाय,
पाणकावळा पंख वाळवतो तसा.
रुमाल पुढे केला, तर नको म्हणाला.

आज रात्रीची ओहोटी किती वाजता, पा?
तो खिडकीबाहेर बघतो.
बाहेर नुसत्या इमारती.
पावणेतीन, म्हणतो. जरासं पुढे.

मी गजर लावते.
जरासं पुढे.