शब्दाला अकरा रुपये

नारायण पेठेत, छापखान्याच्या जिन्याखाली माझं टेबल.
वर पाटी: छोट्या जाहिराती.
शब्दाला अकरा रुपये. कमीत कमी पंधरा शब्द.
हुज्जत घालू नये.

सतरा वर्षं पेनाच्या टोकानं शब्द मोजतोय,
वाचत नाही.
कोथरूडच्या फ्लॅटचा ‘प्रशस्त’ अकरा रुपये,
‘तातडीने’ अकरा,
आणि ‘आणि’सुद्धा.
कासेगावकर एकदा भांडले,
‘व’ एका अक्षराचा, त्याला निम्मे घ्या.
म्हटलं, काका, चा, ची, ला, हून
मांडीवर बसून येतात, त्यांचं तिकीट नाही.
तुमचा ‘व’ सीट अडवून बसलाय.

काही जण घरूनच समास करून आणतात:
निर्व्यसनीसुशिक्षितएकुलता.
मी तोडतो.
शाळेत विग्रह कधी जमला नाही,
इथे पोटासाठी जमला.

परवा खळदकर बाई आल्या.
रुमालात दोनशे वीस रुपये, बरीचशी नाणी.
कागदावर एकतीस शब्द.
मी पेन्सिल दिली.
‘प्रेमळ’ त्यांनी लगेच खोडला.
‘शिस्तप्रिय’ खोडताना हसल्या: तसे नव्हतेच ते.
‘अचानक’पाशी थांबल्या.
चार महिने खाटेवर होते, म्हणाल्या,
तरी अचानकच.
मग तोही गेला.
नाव राहिलं, खडकीचा कारखाना राहिला,
‘टर्नर’ राहिला, तो काढू देईनात.

एकोणीस झाले. अकरा रुपये शिल्लक.
मी सुचवलं: कर्तव्यदक्ष? मनमिळाऊ?
दोन्ही रोजच्या खपाचे, कडा झिजलेले,
कुणाच्याही नावापुढे चालतात.
बाईंनी मान हलवली.
तेवढी जागा कोरी नाही का सोडता येणार?
कोऱ्याचा दर वेगळा, बाई.
चौकट घ्यावी लागते, चौरस सेंटीमीटरला एकशे नव्वद.
म्हणजे न बोललेलं महाग,
त्या म्हणाल्या,
मंडईत मेथीचा भाव ऐकून पुढे सरकावं
तशा आवाजात.

बाहेर पीएमटी हॉर्न देत होती.
मी पुन्हा पहिल्यापासून मोजलं, नुसतं हात चालू ठेवायला:
सतरा, अठरा, एकोणीस...
विसावा? मी विचारलं.
हो, त्या म्हणाल्या, तोच घाला.
कोणता?
विसावा.

पेन कागदावर टेकून राहिलं.
आकडाही तोच, शब्दही तोच,
एका दरात दोन्ही जात होते.
पाटी माझ्याच डोक्यावर होती.
हुज्जत घातली नाही.