किरकोळ

पणजी, रात्री दीड. मांडवी
कॅसिनोचे दिवे चघळत बसलेली.
नायकाने वेटरच्या थोबाडीत मारली, चौथ्या मजल्यावर;
आम्ही लिहितोय : ‘किरकोळ गैरसमज’.

वेलिता म्हणते, ‘किरकोळ’ काढू या, मॅडम,
शब्दावर वळ दिसतोय.
काढला.
उरला नुसता गैरसमज,
कुणाचा ते न सांगता.

श्रीपादने वेटरचं नाव शोधून आणलंय :
उल्हास च्यारी, गाव मये.
माझं आजोळ.
बहुतेक आमच्याच तळ्याकाठचा.
बोटं कीबोर्डवर नुसती टेकलेली, दोनेक मिनिटं.

पाच वर्तमानपत्रं, अकरा फोन.
‘हॉटेलचा एक कर्मचारी’ एवढंच लिहा, मी सांगते,
नाव नको,
त्याच्याच भल्यासाठी.

हे वाक्यही चांगलं उतरलं.
वेलिता ते टिपून घेते.