बोट पुन्हा ठेवा

अल्माटीच्या विमानतळावर, कर्मचाऱ्यांच्या दाराशी
यंत्राने आज पुन्हा मला ओळखलं नाही.
उजवी तर्जनी: लाल दिवा.
डावी: लाल दिवा.
"बोट पुन्हा ठेवा," ते म्हणालं,
मागे सहवैमानिकाने घड्याळ पाहिलं.

आईने माझं नाव ठेवलं तोर्गिन.
म्हणजे तलम रेशीम.

नऊ वर्षांत बोटांवरच्या रेषा कुठे कुठे सांडल्या:
थोड्या ट्रॉलीच्या ब्रेकवर,
थोड्या जेवणाच्या खोक्यांच्या पुठ्ठ्यावर,
बऱ्याचशा त्या जंतुनाशकात
जे दर वीस मिनिटांनी हातावर चोळायचं
आणि हसायचं.
हसताना ओठ फुटतो, खालचा, मधोमध.
खिडकीबाहेर ढगच ढग,
आत हवेत पाणी औषधापुरतं.

पहिल्या वर्षी ज़ाउरेश पर्सर होती.
गॅलीच्या पडद्यामागे तिने माझी हनुवटी धरून
चेहरा दिव्याकडे वळवला,
घोडा विकत घेताना बघतात तसा.
"पावडर थापू नकोस.
कोरड्या भिंतीला चुना लावला की पोपडे धरतात.
आधी तोंड ओलं कर,
ओलं आहे तोवरच क्रीम लाव.
नुसतं पाणी फवारलंस
तर ते उडून जाताना तुझंही थोडं घेऊन जाईल."
सांगणारीच्या कोपरांवर राखेसारखी खवलं होती.
आपण कोरडे पाषाण, म्हणाले मी मनात,
पण ऐकलं तिचं.

अजून ऐकते.
लेन्सच्या डबीत डाव्या डोळ्याच्या झाकणाखाली क्रीम,
उजव्याच्या खाली मलम.
फ्रँकफर्टच्या हॉटेलात ओला टॉवेल हीटरवर,
अंघोळ कोमट, आणि चटकन,
कितीही वाटलं तरी.
झोपताना हातांवर मलम आणि त्यावर पायमोजे,
कारण हातमोजे दर वेळी घरी राहतात.
मग फोन वाजला तर उचलता येत नाही.
आईचाच असतो.

आई तेकेलीहून बसच्या ड्रायव्हरकडे
जॅमच्या बरणीत मेंढीच्या शेपटीची चरबी पाठवते,
वितळवून, गाळून.
गणवेशाला तो वास चालत नाही.
मी ती फक्त टाचांना लावते, सुट्टीच्या रात्री,
आणि सकाळी चादर धुते.

मागच्या महिन्यात कास्पियनवर विमान हादरलं.
तेविसाव्या रांगेतल्या आजीने माझा हात पकडला,
पकडला तो सोडेच ना.
हादरे थांबले. तिने माझा पंजा उलटा केला,
अंगठ्याने भेगा चाचपल्या, एकेक,
आणि ओळखीचं माणूस भेटावं तशी म्हणाली,
"किती गायींची धार काढतेस गं?"

"एकशे चौऱ्याहत्तर," मी म्हटलं.
त्या रात्री विमानात तेवढे प्रवासी होते.

"अगं बाई," ती म्हणाली,
आणि पिशवीतून काढून
आपल्या हाताला लावलेलं लोणी की काय होतं ते
माझ्या हाताला पुसलं.
मला आठ ओळींची कॉफी द्यायची राहिली होती.
मी तिथेच बसून राहिले, सीटच्या दांडीवर, नियम मोडून,
कपभर वेळ.

यंत्राला हे सगळं सांगता येत नाही.
बोटाला मलम लावलं तर त्याची काच बरबटते,
नाही लावलं तर मी मी नसते.

पहाऱ्यावरचा दाउरेन कंटाळून पुढे आला.
"फुंकर नको मारू, गार पडतं.
हाः कर. आरशावर करतात तसं."
मी तर्जनी ओठांशी नेली
आणि चारचौघांत, मुकाट्याने,
हाः केलं.

हिरवा.
रांग सरकली.
सहवैमानिकाने, का कोण जाणे,
आपलंही बोट काढून पाहिलं.